कितला इंची

दोंडाईच्याला स्टेशनरोडवर हिलालशेठचं दुकान.
बाहेर उन्हात उभे पिळाचे लोखंडी दांडे,
नऊ, बारा, अठरा, चोवीस,
रंग लालभडक, टोकाला दात.
मे महिना. हात लावला की चटका.

शेठ विचारतो आमच्या ट्रॅक्टरवाल्या भटूला,
"कितला इंची?"
पैसे माझ्या पिशवीत आहेत, अकरा बायांचे,
हे त्याला अजून कळलेलं नाही.
भटू माझ्याकडे बघतो,
मी इंदुबाईकडे.
इंदुबाई डबा उघडते.

डब्यात भाकर नाही.
तीन पुरचुंड्या. गायरानाच्या वरच्या अंगाचा मुरूम,
मधली बरड, नुसते गोटे,
आणि नाल्याकडची काळी,
जी वाळली की कुदळ उडवून लावते
आणि भिजली की चपलेसकट माणूस ठेवून घेते.
"हाई माटीले काय चालस ते सांग," ती म्हणते,
"इंची मंग देखूत."

शेठ पहिल्यांदा खुर्चीतून उठतो.
चिमटीत मुरूम चुरतो, काळीचा वास घेतो,
घटकाभर दुकानदार राहत नाही.
"चोवीस लेऊ नका. पस्तीसना टॅक्टर शे तुमना,
मुरूममा फसना की शाफ्ट बोंब मारी."

मग गल्ल्यातून काढतो एक बोल्ट, करंगळीएवढा.
हा मुद्दाम कच्चा ठेवलेला, तो सांगतो.
खाली दगड लागला की आधी हा तुटतो,
म्हणून गिअरबॉक्स वाचतो.
वीस रुपयांचा.
इंदुबाई तो तळहातावर घेऊन बराच वेळ गप्प.
आमच्या घरात हे काम कोणाकडे असतं
ते आम्ही दुकानात बोललो नाही.
मी म्हटलं, असले दोन डझन द्या.

बारा की अठरा, यात चहा दोनदा झाला.
कडुनिंबाला बारा पुरे.
चिंचेला? हिवराला?
इंदुबाईनं कोपरापासून मधल्या बोटापर्यंत
आपला हात पिळावर आडवा धरला.
अठराच्या पात्याला एक पेर कमी पडलं.
"तितकी मी बुटकी आहे," ती म्हणाली. "हेच द्या."

शेठनं सतराशे सोडले,
पावती मात्र भटूच्या नावानं फाडली.
ती परत करून दुसरी लिहायला लावली,
अकराही नावं, पाठपोट.

पहिला खड्डा नाल्याकडे, जिथं ओल अजून होती.
भटूनं लिव्हर दाबला,
पीळ उतरला डेऱ्यात रवी उतरावी तसा,
काळी माती वेटोळी घेत वर आली,
बघता बघता कमरेइतकं खोल.
आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

खुमसिंग पावरा वाजवत नव्हता.
चाळीस वर्षं त्यानं खड्डे हातानं काढलेत,
आमचे, आमच्या सासऱ्यांचे, वनखात्याचे.
तो पालथा झोपला, खांद्यापर्यंत हात आत घातला,
भिंत चाचपली.
"रांजण झाला हा," तो म्हणाला. "आतून गुळगुळीत.
मूळ इथं धडकेल, वाट नाही म्हणून
गोल गोल फिरत राहील.
मशीननं भोक पाडलं. खड्डा अजून व्हायचाय."
आणि सळईनं कडा खरवडायला लागला,
चहूबाजूंनी, वेडेवाकडे ओरखडे.

हे शेठनं सांगितलं नव्हतं.
आम्ही विचारलंही नव्हतं.

भटू पुढे, खुमसिंग मागे,
रोज कुदळीला होता तेवढाच, एक रुपया कमी नाही,
हे इंदुबाईनं तिथंच, उभ्या उभ्या ठरवलं.
दिवस मावळेपर्यंत एकसष्ट.
तीन बोल्ट गेले, गिअरबॉक्स शाबूत.
रात्री कुणाची शेळी पडू नये म्हणून
तोंडांवर बोरीच्या काट्या ओढल्या.

बासष्टावा वरच्या अंगाला, हातभर जाऊन अडला.
दातांवर ठिणगी, चौथा बोल्ट.
खाली काय आहे कळेना.
भटू म्हणाला, अजून एकदा बघू.
"राहू दे," इंदुबाई म्हणाली,
"एक जागा बसायला लागेल की नाही?"
आणि खड्ड्यात पाय सोडून
कडेवर बसली, चपला शेजारी काढून.